शिरोरेषा पुसल्यावर



अक्षरांच्या आकाराविषयी नभोवाणीवरून बोलणे हा काहीसा विचित्र उद्योग आहे. जे डोळ्यांनी पाहावयाचे ते कानांना सांगावयाचे! म्हणून आरंभीच एक विनंती करते. हाताशी कागद आणि पेन्सिल असेल तर 'भरावी' हा शब्द लिहा. मात्र त्याच्या डोक्यावरची आडवी रेघ, जिला आपण शिरोरेषा म्हणतो, ती ओढू नका. आता तो कागद घरातील दुसऱ्या कोणाच्या हाती द्या आणि शब्द वाचावयास सांगा. आपण थोडे घाईने लिहिले असेल, तर समोरचा मनुष्य क्षणभर अडखळेल आणि 'मरावी' असे वाचील. माझ्या आजच्या बोलण्याचा सारा विषय त्या क्षणभराच्या अडखळण्यात आहे.

मी बडोद्यास ग्राफिक डिझाइनचे शिक्षण घेते. पूर्वी या विषयास कमर्शियल आर्ट म्हणत. मग उपयोजित कला हे भारदस्त नाव आले. आमच्या घरात मात्र त्याला अजूनही 'पाट्या रंगवायचा कोर्स' असेच म्हणतात, आणि ते फारसे चूक नाही. पुस्तकाचे मुखपृष्ठ, औषधाचे वेष्टन, रेल्वेच्या स्थानकावरील पाटी, निवडणुकीची मतपत्रिका या साऱ्या वस्तू कोणीतरी आधी कागदावर आखलेल्या असतात. आखणाऱ्याचे नाव त्यावर नसते. वाचणाऱ्याला तो आठवूही नये, अशीच बहुधा त्या कामाची अपेक्षा असते.

या विद्येला बडोद्यात जुनी परंपरा आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन स्थापन केले. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी तेथे शिकले आणि पुढे त्यांनी छपाईचाही व्यवसाय केला. तेव्हा चित्रकला, छायाचित्रण आणि छपाई या विद्या एकाच आवारात नांदत होत्या. आज त्या सगळ्या एका संगणकाच्या पडद्यावर येऊन बसल्या आहेत.

तथापि पहिल्या वर्षी आम्हांला संगणकास हात लावू दिला नाही. हाती दिला तो बोरू. बोरूचे टोक तिरके कापावे लागते, आणि देवनागरीसाठी तो तिरकेपणा रोमन लिपीच्या उलट बाजूचा असतो. बाजारात मिळणाऱ्या इंग्रजी सुलेखनाच्या निबने मराठी लिहू गेले, तर जेथे अक्षर जाड व्हावयास हवे तेथे ते बारीक होते. हे मला कळावयास तीन आठवडे आणि अर्धी दौत शाई लागली. त्यानंतर 'ग', 'म', 'व' यांची पाने भरणे सुरू झाले. कित्येक महिने आम्ही तेवढेच लिहीत होतो, धाकटा भाऊ म्हणे, "ताई पुन्हा बालवाडीत गेली."

त्याच वर्षी एक धडा असा होता. काळ्या कागदातून 'ब' हे अक्षर कापून पांढऱ्या कागदावर चिकटवावयाचे. ते सर्वांनी केले. मग सरांनी दुसरा कागद दिला आणि म्हणाले, "आता अक्षर कापू नका. अक्षराच्या पोटातली पोकळी कापा, आणि दोन अक्षरांच्या मधली जागा कापा." आम्ही चकित झालो. जे नाही ते कापावयाचे कसे? पण कापून टेबलावर मांडल्यावर दिसले, की त्या पांढऱ्या तुकड्यांनाही आपापला आकार आहे, आणि ते तुकडे लहानमोठे झाले की काळे अक्षर कितीही सुरेख असले तरी शब्द लंगडतो. वाचताना आपण शाई वाचतो अशी आपली समजूत असते. वास्तविक शाईने अडविलेली कोरी जागाही आपण तितकीच वाचत असतो. मला हे कळले आहे असे त्या वेळी वाटले होते. ते कळले नव्हते, हे पुढच्या हकीकतीवरून आपल्या ध्यानात येईल.

तिसऱ्या वर्षी प्रयोगाचा एक पाठ असतो. लिपीतील कोणतीही एक गोष्ट काढून टाका आणि काय उरते ते पाहा, एवढीच सूचना होती. कोणी काना काढला, कोणी अक्षरांचे सर्व गोलवे काढून ती चौकोनी केली. मी शिरोरेषा काढली.

हे मला सुचले याला बडोदे कारण आहे. येथे मराठी मूल जन्मल्यापासून दोन लिप्या पाहते. घरातील पोथीत आणि पंचांगात देवनागरी. बसवर, दुकानावर, दुधाच्या पिशवीवर गुजराती. दोन्ही लिप्या सख्ख्या बहिणी. एकीच्या डोक्यावर पदर आहे, दुसरीच्या नाही, एवढेच लहानपणी वाटे. पूर्वी गुजराती ग्रंथ देवनागरी वळणातच लिहीत. हिशेबाच्या चोपड्या मात्र व्यापारी भराभर लिहीत आणि त्या घाईत डोक्यावरची रेघ सुटली. छपाईच्या काळात ती चोपड्यांचीच लिपी पुढे आली. १७९७ साली 'बॉम्बे कुरियर' पत्रातील एका जाहिरातीसाठी बेहरामजी जीजीभाई यांनी गुजराती खिळे पाडले असे सांगतात. १८२२ साली निघालेले 'मुंबई समाचार' आजही त्याच लिपीत निघते. गुजरातीचे रेघेवाचून काही अडले नाही, मग आमचे का अडावे, असा माझा सरळ हिशेब होता.

एका काल्पनिक नाटकाच्या जाहिरातीसाठी मी ती अक्षरे रेखाटली. नाटकाच्या नावांचा प्रश्न निघाला की आमच्या डोळ्यांसमोर कमल शेडगे उभे राहतात. १९३५ ते २०२० असे आयुष्य लाभलेल्या या कलावंताने मराठी नाटकांची असंख्य शीर्षके अशी रेखाटली, की अक्षर पाहूनच नाटकाचा स्वभाव कळावा. त्यांच्या पंक्तीस बसण्याची माझी योग्यता नाही. परंतु माझी बिनरेघेची अक्षरे हातभर उंचीच्या कागदावर खरोखरच ऐटदार दिसत होती. पदर उडवून वाऱ्यावर चाललेल्या मुलींसारखी. सरांनी शाबासकी दिली, ते चित्र ओसरीतील भिंतीवर लागले, आणि मी हवेत तरंगू लागले.

त्या उत्साहात मी दोन गोष्टी केल्या. आमच्या ओळखीच्या एका मराठी मंडळाला वर्गणीची सूचना हवी होती, ती मी माझ्या नव्या अक्षरांत करून दिली. 'वार्षिक वर्गणी येथे भरावी.' दुसऱ्या दिवशी सर्व सभासद ती 'येथे मरावी' अशी मोठ्याने वाचून हसत होते. चिटणीस विनोदी गृहस्थ होते. ते म्हणाले, "हरकत नाही, गेली दहा वर्षे ती तशीच मरते आहे." मीही हसले आणि विसरले.

दुसरी गोष्ट विसरण्यासारखी नव्हती. माझ्या आजीच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. डोळ्यांत घालावयाच्या औषधाच्या दोन बाटल्या. एक पहिल्या आठवड्यात दिवसातून चार वेळा, पुढे तीन वेळा, मग दोन, दुसरी सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील अक्षर कोणालाच लागेना, म्हणून मी हौसेने एक सुबक तक्ता केला. माझ्याच अक्षरांत, मंद निळ्या रंगात. तो आजीच्या पलंगाशेजारी लावला आणि परीक्षेच्या तयारीस लागले.

आठवड्याने तपासणीस गेलो तेव्हा डोळा लाल होता. डॉक्टरांनी विचारले, "थेंब वेळेवर घालता ना?" आजी गप्प. घरी आल्यावर उलगडा झाला. 'दुपारी बारा' आणि 'दुपारी चार' ही दोन वेळांची नोंद मी एकाच ओळीत केली होती. ती तिला एकच वाटली. खाली लिहिले होते, 'बाटली उघडण्याआधी हात धुवा.' त्यातले 'उघडण्याआधी' तिला लागलेच नाही आणि 'धुवा' तिने 'घुवा' वाचले. आठ दिवसांतील बहुतेक दुपारचे थेंब राहून गेले होते. डोळ्यास कायमचा अपाय झाला नाही, औषध तेवढे काही दिवस वाढले. परंतु तीस वर्षे मराठी शाळेत मुलांना वाचावयास शिकविणाऱ्या बाईला आपल्या घरच्या भिंतीवरचे चार शब्द वाचता आले नाहीत, आणि नातीने प्रेमाने केले आहे म्हणून तिने ते कोणाला सांगितलेही नाही, हे मला फार लागले. मी विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अगं, अक्षरं फार सुरेख होती तुझी. वाचायचं तेवढं राहून गेलं."

यानंतर माझा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला. चूक कोठे झाली ते शोधावयाचे होते.

पहिला शोध अगदी प्राथमिक होता. आपल्या वर्णमालेत 'थ', 'ध' आणि 'भ' या तिघांच्या डोक्यावर शिरोरेषा अपुरी असते. 'य', 'घ' आणि 'म' यांच्यावर ती पुरी. डावीकडे रेघ तुटलेली दिसली की डोळा 'भ' म्हणतो, सलग दिसली की 'म'. 'भ'च्या माथ्यावर एक लहानसा वळसाही असतो खरा, पण लहान आकारात तो शाईच्या ठिपक्याएवढा उरतो. म्हणजे रेघेचे असणे आणि नसणे यांतूनच ही अक्षरे ओळखली जातात. मी रेघ सरसकट पुसली आणि त्याबरोबर हा भेदही पुसला. गुजरातीने असे केलेले नाही. तेथे 'भ' आणि 'म' यांच्या आकृतीच इतक्या निराळ्या झाल्या आहेत, की त्यांना रेघेची साक्ष लागत नाही. रेघ गेली तशी अक्षरे हळूहळू बदलली, आणि ते काम अनेक पिढ्यांच्या हातांनी केले. मी ते एका रात्रीत संगणकावर केले होते.

दुसरा शोध मला अधिक मोलाचा वाटतो. शिरोरेषा शब्दाची मोट बांधते. रेघ संपली की शब्द संपला, असे डोळ्याला कळते. पण हे तिचे मूळचे काम नव्हे. पुष्कळ जुन्या पोथ्या पाहिल्या तर शब्द तोडलेलेच नसतात. अक्षरामागून अक्षर ओळभर चालते आणि कोठे थांबावयाचे ते वाचणाऱ्याच्या व्युत्पत्तीवर सोडलेले असते. मोडीत तर लेखक आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घेई आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावे तशी अक्षरे तिला टांगत जाई. बडोद्याच्या जुन्या दप्तरांत असे हजारो कागद आहेत. शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडण्याची शिस्त पक्की झाली ती छापखान्यामुळे, आणि तेव्हापासून शिरोरेषेला हे नवे काम लागले. ते तिने इतके चोख बजावले, की आपण ते तिच्यावर सोडून निर्धास्त झालो. माझ्या तक्त्यात रेघ नव्हती आणि दोन अक्षरांतील अंतर जवळजवळ दोन शब्दांतील अंतराएवढेच होते. आजीच्या धूसर डोळ्यापुढे शब्द नव्हतेच. नुसती सुटी अक्षरे सांडली होती. पहिल्या वर्षी पांढरे तुकडे कापले होते ते मी येथे साफ विसरले होते.

तिसरी गोष्ट आकाराची. हातभर उंचीचे अक्षर मी संगणकावर एक कळ दाबून बोटाच्या पेराएवढे केले. पूर्वी हे शक्यच नव्हते. १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला, त्याच्या टाइपाचे ठसे राणोजी रावजी आरू यांनी कोरले. पोलादाच्या लहानशा कांडीच्या टोकावर, उलटे आणि प्रत्यक्ष छापावयाच्याच मापाचे. मोठ्या टाइपाचे ठसे वेगळे, बारीक टाइपाचे वेगळे. प्रत्येक मापासाठी सारी अक्षरे पुन्हा कोरावयाची. श्रम अफाट होते. पण त्यामुळे कोरणारा बारीक टाइपात पोकळी किंचित मोठी ठेवी, बारीक रेघ थोडी भक्कम करी. कारण ते अक्षर कोणत्या मापात वाचले जाणार हे त्याच्या डोळ्यांसमोरच असे. आज बहुतेक फाँट, म्हणजे संगणकावरील टाइप, एकदाच रेखाटतात आणि तेच रेखाटन हवे तितके ताणतात किंवा आवळतात. सोय मोठीच आहे. परंतु कोणत्या मापात काय वाचेनासे होते ही जाणीव, जी पूर्वी हाताला आपोआप होई, ती आता मुद्दाम बाळगावी लागते.

लिपीत फेरफार करू पाहणारी मी पहिली नव्हे, हे वाचून मला थोडा धीर आला. सावरकरांनी सर्व स्वर 'अ'च्या बाराखडीत लिहिण्याचा पुरस्कार केला आणि 'किर्लोस्कर' मासिकाने ती पद्धत काही काळ चालविलीही. १९५३ साली लखनौस भरलेल्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे द्यावी असे सुचविले. ती सूचना रुजली नाही. या खटपटींमागे टंकलेखन यंत्राची आणि खिळे जुळविण्याची खरीखुरी अडचण होती. आता संगणक वेलांटी आपली आपण डावीकडे नेऊन बसवितो, म्हणून ती अडचणच उरलेली नाही. माझ्या प्रयोगामागे हौसेपलीकडे कोणतीच अडचण नव्हती.

मग मी प्रयोग सोडून दिला का? नाही. येथे मी माझ्या काही मित्रमैत्रिणींशी सहमत नाही. त्यांचे म्हणणे, जे चालत आले आहे त्यास हात लावूच नये. मला वाटते, हात लावावा, पण कोणती रेघ काय काम करते ते आधी विचारून.

मी एकच उतारा तीन प्रकारे छापला. पहिला शिरोरेषेसह, दुसरा शिरोरेषेवाचून पण अंतरे तीच ठेवून, तिसरा शिरोरेषेवाचून परंतु अक्षरे जवळ आणि शब्द दूर करून. ते कागद घेऊन संध्याकाळी वाचनालयात येणाऱ्या सात-आठ वयस्क मंडळींकडे गेले आणि मोठ्याने वाचण्याची विनंती केली. शास्त्रीय कसोटी म्हणता येणार नाही अशीच ती होती. एका आजोबांनी तर वाचता वाचता उताऱ्यातील व्याकरणच दुरुस्त केले. पण कोण कोठे थबकतो याच्या खुणा मी करीत गेले. दुसऱ्या कागदावर सगळे थबकले. तिसऱ्यावर शब्द बरेचसे लागले, तरी 'भ' आणि 'ध' आले की गाडी अडे. मग 'भ'च्या माथ्यावरील वळसा मोठा केला, 'ध'चा वळसा बाहेर काढून अधिक उघडा ठेवला, 'थ'चेही तसेच केले. पाच-सहा वेळा रेखाटन बदलल्यावर एके दिवशी माझ्या ध्यानात आले, की माझा 'भ' आता गुजराती 'भ'कडे झुकू लागला आहे. त्या दिवशी बसमध्ये बसून सबंध रस्ताभर मी दुकानांच्या पाट्या वाचीत आले.

या निमित्ताने आणखी एक गोष्ट पाहण्यात आली, ती महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाला विशेष सांगावीशी वाटते. आपल्या 'ल'ला मधल्या दांडीच्या दोन बाजूंस दोन पाकळ्या असतात. हिंदीत दांडी उजवीकडे जाते. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील खोलगट जागा. या दोहोंतील 'र' मराठीत वेगवेगळे लिहितात. आचार्यास बोलाविणे आणि आचाऱ्यास बोलाविणे यांत किती फरक आहे हे कोणत्याही लग्नघरी विचारावे! सर्वसाधारण देवनागरी म्हणून केलेल्या काही फाँटांत हे बारकावे नसतात. काहींत असतात, पण मजकूर मराठी आहे असे संगणकाला आधी सांगावे लागते, तेव्हा तो आपला 'ल' काढून देतो. इंदुरास, ग्वाल्हेरीस किंवा आमच्याकडे लग्नपत्रिका छापताना हे कोणी सांगत नाही, आणि मग पत्रिका हिंदी वळणाची निघते. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचा 'मुक्ता' आणि आय.आय.टी. मुंबईचा 'शोभिका' असे चांगले फाँट आज कोणासही विनामूल्य मिळतात. ते वापरून पाहावेत.

माझी बिनरेघेची अक्षरे आता पुरी झाली आहेत. ती मी मोठ्या शीर्षकांपुरतीच ठेवली आहेत. ठरावीक मापाखाली वापरू नयेत, असे त्यांच्याबरोबर लिहूनही दिले आहे. वार्षिक तपासणीत परीक्षकांनी विचारले, की बारीक मापात जी चालत नाहीत अशी अक्षरे करण्यात हशील काय? मी आजीचा जुना तक्ता पुढे ठेवला. त्यावर ते काही बोलले नाहीत, तक्ता मात्र बराच वेळ पाहत राहिले.

नवा तक्ताही केला होता. भक्कम शिरोरेषा, काळी शाई, एका ओळीत एकच वेळ, प्रत्येक वेळेपुढे खूण करावयास चौकोन. दिसावयास अगदी सामान्य. आजीने तो चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "हा कोणी केला? छापील आहे का?"

आता तिच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे. तक्ता तिने कपाटात जपून ठेवला आहे. त्यातल्या 'उजवा'च्या जागी 'डावा' तेवढे करून दे, असे तिने मला सांगितले आहे.